हेडफोनचा ॲम्प घेण्याआधी कागदावर मांडायचा हिशेब

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी गाणं शिकते. जर्मनीत नोकरी करणाऱ्या तिच्या दादाने दिवाळीला तिला सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन पाठवला. लॅपटॉपला जॅक नाही, म्हणून सोबत ॲपलचं ते टाइप-सीचं, शेपटीएवढं छोटं ॲडॅप्टरही दिलं. दोन दिवसांनी ती हेडफोन हातात घेऊनच खाली आली. "काका, याला आवाजच नाही. शेवटपर्यंत वाढवला तरी तानपुरा पलीकडच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. दुकानात विचारलं, तर म्हणाले तीनशे ओहमचा आहे, याला अठरा हजारांचा ॲम्प लागेल."

अठरा हजार म्हणजे तिच्या क्लासची कित्येक महिन्यांची फी. मी तिला म्हटलं, आधी कागद-पेन आण. हेडफोनला ॲम्प्लिफायर लागतो का आणि किती दमाचा लागतो, हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका सूत्रावर काढता येतं. तो हिशेब कुणीच ग्राहकासमोर मांडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात अगदी मुळापासून करू. मोबाईलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांची विजेची लहर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ही लहर नाजूक असते. हेडफोनमधला पडदा हलवण्याइतका जोर तिच्यात भरायचं काम ॲम्प करतो. म्हणजे ज्याला हेडफोन जोडता येतो, अशा प्रत्येक वस्तूत ॲम्प आधीच बसलेला असतो. त्या शेपटीएवढ्या ॲडॅप्टरच्या पोटातही डॅक आणि ॲम्प दोन्ही आहेत. आपल्याला शोधायचंय ते एवढंच, की आहे तो ॲम्प आपल्या हेडफोनला पुरतो का.

ठिबक, पाट, ज्वारी आणि ऊस

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती आवाज निघेल, डेसिबलमध्ये. लोक पहिला आकडा पाहून घाबरतात आणि दुसरा वाचतच नाहीत. दुकानदारही बहुधा पहिलाच सांगतात.

माझं आजोळ जळगावकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. तिथे पाणी देण्याच्या दोन पद्धती लहानपणापासून पाहिल्या. ठिबकच्या नळीला जे ड्रिपर असतात त्यांतून ताशी चार-आठ लिटर पाणी गळतं. पाणी अगदी थोडं लागतं, पण नळीत दाब हवा; दाब कमी पडला की शेवटच्या झाडांना थेंबही पोचत नाही. पाटाने पाणी द्यायचं तर दाब लागत नाही, नुसता उतार पुरतो, पण पाणी मात्र बदाबदा हवं. ३०० ओहमचा हेडफोन हे ठिबक आहे. त्याला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज हवं. प्रवाह अगदी थोडा चालतो. २५-३० ओहमचा हेडफोन हा पाट. त्याला व्होल्टेज कमी पुरतं, पण प्रवाह जास्त लागतो.

आता दुसरा आकडा. पाणी कसंही दिलं तरी एकूण किती लागणार हे पिकावर ठरतं. ज्वारी थोडक्यात भागवते, ऊस भागवत नाही. संवेदनशीलता म्हणजे हेडफोन ज्वारीच्या जातीचा आहे की उसाच्या. ९९ किंवा १०० डेसिबलवाला ज्वारी, ९० च्या आसपासचा ऊस. 'ओहम जास्त म्हणून ॲम्प जास्त मोठा' हे म्हणणं म्हणजे पीक कोणतं ते न विचारता नुसती नळी पाहून मोटारीचा हॉर्सपॉवर सांगण्यासारखं आहे.

कागदावरचा हिशेब

आवाज किती हवा ते आधी ठरवू. आपण आरामात ऐकतो तेव्हा सरासरी आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या घरात असतो. पण संगीतात सरासरीच्या वर उसळ्या येतात. तबल्याची एखादी थाप, सतारीवरचा एखादा जोरकस बोल सरासरीपेक्षा १५-२० डेसिबलने सहज वर जातो. ती उसळी न चेपता यावी म्हणून ॲम्पकडे क्षणभरासाठी १०५ ते ११० डेसिबलपर्यंत जायची ताकद असावी. मी हिशेबाला ११० धरतो. त्यापुढची ताकद कानाला नकोच.

डेसिबलची दोन सूत्रं लक्षात ठेवायची. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात. आणि आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला जवळपास १० डेसिबलची वाढ लागते. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण जाहिरातीतल्या 'दुप्पट पॉवर'चं वजन त्यात आहे. ५०० मिलिवॅटचा ॲम्प सोडून १००० मिलिवॅटचा घेतला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. व्हॉल्यूमचं बटण थोडंसं फिरवण्याएवढा हा फरक.

आता एचडी ६५०. कंपनी सांगते, १ व्होल्टला १०३ डेसिबल. आपल्याला ११० हवेत, म्हणजे ७ डेसिबल जास्त, म्हणजे सुमारे २.२ व्होल्ट. ३०० ओहममधून २.२ व्होल्टला साडेसात मिलिअँपिअर प्रवाह जातो (व्होल्टेज भागिले ओहम), पॉवर होते १७ मिलिवॅटच्या आसपास (व्होल्टेज गुणिले प्रवाह). सतरा! आणि या हेडफोनसाठी लोक दीड-दोन हजार मिलिवॅटचे ॲम्प शोधत बसतात.

शेजारी हायफायमनचा एचई ४००एसई ठेवू. हा प्लेनर जातीचा, म्हणजे यात शंकूऐवजी पातळ पापुद्र्यावर सपाट तारा छापलेल्या असतात आणि तो चुंबकांसमोर हलतो. इम्पीडन्स फक्त २५ ओहम. पहिलाच आकडा पाहणारा म्हणेल, हा मोबाईलवर सुद्धा वाजेल. पण संवेदनशीलता ९१ डेसिबल, तीही १ मिलिवॅटला. ११० ला पोचायचं तर १९ डेसिबल वर जायला हवं, म्हणजे सुमारे ८० मिलिवॅट. व्होल्टेज जेमतेम १.४, पण प्रवाह ५६ मिलिअँपिअर. ३०० ओहमवाल्याच्या सातपटीहून जास्त. उसाला पाटाने पाणी. याच कंपनीचा जुना एचई-६ तर ५० ओहम आणि ८३.५ डेसिबलचा होता. त्याला जवळपास साडेचारशे मिलिवॅट लागतात आणि म्हणूनच काही हौशी मंडळी तो चक्क स्पीकरच्या ॲम्पला जोडत.

उलट टोकाला ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स घ्या, ३८ ओहम आणि मिलिवॅटला ९९ डेसिबल. ११० साठी त्याला १३ मिलिवॅटही लागत नाहीत, व्होल्टेज ०.७. कोणताही बरा मोबाईल जॅक त्याला पुरून उरतो. हा हेडफोन असणाऱ्याने आवाजासाठी म्हणून ॲम्प घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या हिशेबात एक चकवा आहे, तिथे पुष्कळ जण फसतात. काही कंपन्या संवेदनशीलता १ मिलिवॅटला सांगतात, काही १ व्होल्टला. दोन्ही आकडे दिसायला सारखे, अर्थ वेगळा. सेनहायझरच्या एचडी ५६०एस वर ११० डेसिबल लिहिलंय, पण ते १ व्होल्टला. तो १२० ओहमचा आहे, तेव्हा १ व्होल्ट म्हणजे ८ मिलिवॅटहून थोडं जास्त. मिलिवॅटच्या भाषेत तो १०१ च्या आसपास येतो. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो आणि डीटी ९९० प्रो वर लिहिलेले ९६ मात्र मिलिवॅटचे. त्यातला ८० ओहमचा घ्या की २५० ओहमचा, ११० डेसिबलला पॉवर सारखीच, २५ मिलिवॅट. फरक पडतो तो व्होल्टेजमध्ये: ८० ओहमवाल्याला १.४, २५० ओहमवाल्याला अडीच. म्हणून पहिला बऱ्याच लॅपटॉपवर बरा चालतो आणि दुसरा तिथेच दबलेला वाटतो.

आपल्या यंत्रातून किती व्होल्ट येतात?

हेही घरी मोजता येतं. एसीचे एक-दोन व्होल्टही नीट दाखवणारा मल्टिमीटर लागतो. ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार करा (साधे मल्टिमीटर घरच्या विजेच्या वारंवारतेलाच नीट मोजतात, म्हणून ५०). एका जॅकचे दोन करणाऱ्या स्प्लिटरच्या एका भोकात हेडफोन आणि दुसऱ्यात जुन्या, टोक कापलेल्या इअरफोनची वायर लावा. हेडफोन टेबलावर ठेवा, कानाला अजिबात लावू नका. व्हॉल्यूम पूर्ण करून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वायरच्या डाव्या वाहिनीत आणि अर्थमध्ये टोकं टेकवा. जो आकडा येईल तो तुमचा पुरवठा. हेडफोन का लावायचा? कारण काही ॲडॅप्टर समोर काही जोडलंय हे कळल्याशिवाय सुरूच होत नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही असंच मोजलं. आकडा आला अर्ध्या व्होल्टच्या आसपास. ॲपलचं हे ॲडॅप्टर अमेरिकेत मिळतं त्यातून १ व्होल्ट निघतो. युरोपात विकलं जाणारं मात्र तिथल्या श्रवणसुरक्षेच्या नियमांमुळे अर्ध्या व्होल्टवर थांबवलेलं असतं. दिसायला दोन्ही हुबेहूब, फक्त मॉडेल क्रमांक वेगळे: ए २०४९ आणि ए २१५५. दादाने जर्मनीत घेतलं होतं, तेव्हा अर्ध्या व्होल्टचं आलं. म्हणजे तिचा हेडफोन जास्तीत जास्त ९७ डेसिबलला जात होता. चित्रपटगीतांसाठी एवढं चालून जातं, कारण त्या फाइलींची पातळी आधीच चढवलेली असते. पण ती ऐकत होती जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं, टेपवरून उतरवलेली, सरासरी पातळी कमालीच्या खाली २५-३० डेसिबल. ९७ मधून तेवढे वजा करा, उरतात ७० च्या आसपास. वर एचडी ६५० पाठीमागून उघडा, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न आरपार आत. तानपुरा पलीकडच्या खोलीत जाणारच.

म्हणजे तिची तक्रार खरी होती आणि दुकानदाराचं अर्धं बरोबर होतं. तिला जास्त व्होल्टेज हवं होतं. अठरा हजारांची मात्र गरज नव्हती. २ व्होल्ट देणारा डोंगल, म्हणजे असंच पण जास्त दमाचं छोटं ॲडॅप्टर, घेतला की तोच हेडफोन १०९ डेसिबलला जातो, म्हणजे एकदम १२ डेसिबल वर. असे डोंगल दोन-अडीच हजारांच्या आत मिळतात.

अँड्रॉइड मोबाईलवर ॲपलचं ॲडॅप्टर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ॲडॅप्टरच्या आतला व्हॉल्यूम खालीच अडकून राहतो आणि फोनची पट्टी पूर्ण भरली तरी आवाज मोकळा होत नाही. तेच ॲडॅप्टर लॅपटॉपला लावून पाहा. तिथे खणखणीत वाजलं, तर दोष हेडफोनचा नाही आणि ॲम्पचीही गरज नाही. दुसऱ्या कंपनीचा डोंगल घ्या.

ताकद झाली, आता बाकीचं

ताकदीनंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा, आउटपुट इम्पीडन्स. हा शक्य तितका कमी हवा, १-२ ओहम किंवा त्याखाली. सर्वसाधारण नियम असा, की हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून तो जास्त नसावा. कारण असं: हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. खोक्यावर ३०० लिहिलेला एचडी ६५० खर्जाच्या भागात ५०० ओहमच्या आसपास चढतो. ॲम्पचा आतला अडथळा मोठा असेल तर व्होल्टेज दोघांत वाटलं जातं आणि हेडफोनचा अडथळा जिथे जास्त, तिथे त्याच्या वाट्याला जास्त येतं. १२० ओहमच्या आउटपुटवर या हेडफोनचा खर्ज मधल्या पट्टीपेक्षा सुमारे १ डेसिबलने फुगतो. काहींना ते आवडतं. पण कमी ओहमच्या, आत तीन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनचा तर सगळा तोलच बिघडतो. १२० हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या जॅकसाठी तोच सुचवला होता, आणि जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये स्पीकरच्या आउटपुटला मोठा रेझिस्टर लावून हेडफोनचा जॅक काढायची पद्धतच होती. घरात बाबांचा जुना रिसीव्हर असेल तर जरूर लावून पाहा, ताकद भरपूर असते. ३०० ओहमच्या हेडफोनला तो फुकटात उत्तम ॲम्प ठरू शकतो. १६ ओहमच्या इअरफोनला मात्र लावू नका. प्लेनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सरळ रेषेत असतो, त्यामुळे त्यांच्या सुरावर याचा परिणाम होत नाही, फक्त आवाज उतरतो.

मग शांतता. ॲम्प चालू आहे, गाणं बंद आहे, तेव्हा कानात काय येतं? हेडफोनवर बहुधा काही नाही. पण कानात घालायच्या इअरफोनची संवेदनशीलता मिलिवॅटला ११० च्या पुढेही असते आणि त्यांच्यावर जोरकस ॲम्प लावला की सतत 'स्स्स' ऐकू येतं. इअरफोनवाल्यांनी ताकद शोधूच नये, शांतता शोधावी. त्यांच्यासाठी साधं, १ व्होल्टचं ॲडॅप्टर मोठ्या ॲम्पपेक्षा सरस असतं.

याच्याशीच जोडून गेनचं, म्हणजे ॲम्पने लहर किती पटीने वाढवायची ते ठरवणारं बटण येतं. टेबलावरच्या ॲम्पला 'लो' आणि 'हाय' असे दोन टप्पे असतात. लो वर पुरेसा आवाज येत असेल तर हाय ला हात लावू नका. गोल फिरणारं स्वस्त व्हॉल्यूम बटण सुरुवातीच्या भागात डावा-उजवा कान सारखा ठेवत नाही. एका बाजूला आवाज जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. हाय गेनवर तुम्ही नेमके त्याच भागात अडकता. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला हे फार टोचतं, गायकाचा गळा मध्यभागातून एका कानाकडे सरकतो. दुकानात पाच मिनिटं मिळाली तर मोठ्या आवाजात ऐकण्यापेक्षा अगदी हळू आवाजात ऐकून पाहा. खरा दोष तिथे सापडतो.

ॲम्पची तुलना करताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवावा लागतो. थोडासा मोठा वाजणारा ॲम्प आपल्याला 'जास्त मोकळा', 'जास्त खोल' वाटतो. तो ॲम्पचा गुण नसून कानाचा स्वभाव आहे. हळू आवाजात खर्ज आणि तार दोन्ही आपल्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं होतं. कुणी नवा ॲम्प घेऊन 'काय फरक पडलाय' म्हणालं, तर मला आधी आवाज मोजावासा वाटतो.

स्वस्त ॲम्प चांगला असू शकतो का?

असू शकतो, आणि याचा पुरावा एका अनामिक माणसाने ठेवलाय. 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने २०११ मध्ये ऑब्जेक्टिव्ह-२ नावाच्या हेडफोन ॲम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्यातले भाग साधे, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतील असे, आउटपुटला एनजेएम ४५५६ ही स्वस्त चिप. त्याचं म्हणणं सरळ होतं: विकृती (मूळ लहर बिघडणं), गोंगाट, आउटपुट इम्पीडन्स हे सगळं कानाच्या मर्यादेच्या खाली नेलं, की त्यापुढे पैसे ओतून ऐकू येणारा फायदा नाही, आणि हे पटवायला तो शब्दांऐवजी मोजमापं देत असे. २०१२ मध्ये त्याने लिहिणं थांबवलं. तो कोण होता, हे आजतागायत जाहीर झालेलं नाही. त्याच वर्षी शीट या अमेरिकी कंपनीचा मॅग्नी ९९ डॉलरला आला, २०१८ मध्ये जेडीएस लॅब्जचा ॲटम त्याच किमतीला. स्वस्त आणि स्वच्छ ॲम्प ही त्यानंतर साधी गोष्ट झाली. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन स्वतः सोल्डरिंग करणाऱ्यांना मी आजही ऑब्जेक्टिव्ह-२ च सुचवतो. तो बनवताना जे कळतं ते वाचून कळत नाही.

म्हणून पैशांची मांडणी माझ्या मते अशी असावी. मिलिवॅटला ९७ च्या वर आणि १०० ओहमच्या आतला हेडफोन असेल, तर आहे तोच जॅक किंवा हजाराच्या आसपासचं १ व्होल्टचं ॲडॅप्टर. १५० ते ३०० ओहमचा असेल तर २ व्होल्टचा डोंगल. ९१-९२ च्या घरातला प्लेनर असेल, तर टेबलावरचा, वेगळ्या विजेवर चालणारा ॲम्प विचारात घ्या, कारण डोंगल लॅपटॉपच्या पोर्टमधून वीज ओढतो आणि ५०-६० मिलिअँपिअर देताना त्यातल्या इवल्याशा चिपची विकृती वाढायला लागते. आठ-दहा हजारांत असा ॲम्प डॅकसह मिळतो. त्यावर खर्च करायची इच्छा झाली तर ते पैसे चांगल्या हेडफोनसाठी बाजूला ठेवा. दोन हेडफोनमधला फरक पाच वर्षांच्या मुलालाही ऐकू येतो. दोन चांगल्या ॲम्पमधला फरक आवाज सारखा ठेवून ओळखताना जाणकारही अडखळतात.

एक अपवाद सांगायला हवा. तुम्ही इक्वलायझर वापरून खर्ज ६ डेसिबलने वाढवत असाल, तर आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच खाली आणावी लागते. म्हणजे व्होल्टेज दुप्पट हवं. अशांनी वरच्या हिशेबात ११० ऐवजी ११६ धरून चालावं.

बॅलन्स्ड, म्हणजे ४.४ मिलिमीटरच्या जाड जॅकचा मोह पुष्कळांना होतो. त्यात प्रत्येक कानाला दोन ॲम्प उलटसुलट जोडलेले असतात, म्हणून व्होल्टेज जवळपास दुप्पट मिळतं. डोंगलवर '४ व्होल्ट' लिहिलेलं असतं ते बहुधा याच जॅकचं, साध्या ३.५ च्या भोकातून २ च येतात. हेडफोनलाही त्यासाठी वेगळी वायर लागते. एचडी ६५० च्या दोन्ही कानांच्या वायरी निघतात, त्याला बदलता येते. डीटी ९९० प्रो ची गुंडाळीची वायर आतच पक्की असते, त्याला हे जमत नाही. ताकद साध्या जॅकमधून पुरत असेल तर याच्या मागे लागू नका.

स्वस्त ट्यूब ॲम्पबद्दल, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवाल्या ॲम्पबद्दल, मला आस्था आहे, त्यांचा उजेड मलाही आवडतो. पण चार-पाच हजारांतल्या पुष्कळ ॲम्पमध्ये ट्यूबच्या खाली नारिंगी एलईडी बसवलेला असतो आणि तो उजेड त्याचा असतो. पहिला ॲम्प म्हणून ते घेऊ नयेत.

परदेशातून मागवताना

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ॲम्प मागवणाऱ्यांसाठी हे खास लिहितो, कारण माझ्या हातून एक ॲम्प असाच गेला. भाच्याने आणलेला ॲम्प मी प्लगला नुसत्या पिना बदलणारा साधा कन्व्हर्टर लावून भिंतीत खोचला. मिनिटभरात जळका वास आला. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो कुठेही चालतो. तिथल्या अनेक हेडफोन ॲम्पसोबत मात्र जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॅप्टर येतो, आणि त्यावर फक्त ११५ किंवा १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० वर तो जळतो. शिवाय असे ॲडॅप्टर बाहेरही एसीच देतात, डीसी नाही, त्यामुळे बाजारातला दुसरा कोणताही १५ व्होल्टचा चार्जर त्या भोकात बसला तरी ॲम्प चालत नाही. मागवताना २३० व्होल्टचा ॲडॅप्टर वेगळा सांगावा लागतो, किंवा मग यूएसबीवर चालणारा ॲम्प निवडावा.

आपल्याकडच्या घरांत अर्थिंग नीट नसतं, हाही अनुभव येईल. लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये गुणगुण आणि चार्जर काढला की शांत, असं होत असेल तर ॲम्प परत करायची घाई करू नका. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर, तीन पिनांच्या चार्जरवर पाहा. बहुतेक वेळा दोष भिंतीत सापडतो.

काही मोठ्या हेडफोनला ६.३५ मिलिमीटरचा जॅक असतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर ज्या जॅकने कॉल जोडत, तोच हा, एकोणिसाव्या शतकापासून टिकून राहिलेला. तो ३.५ च्या भोकात घालायला धातूचा अखंड कन्व्हर्टर घेऊ नका. त्याच्या वजनाने डोंगलचं भोक सैल होतं. मध्ये चार इंच वायर असलेला घ्या.

आणि कानांचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सांगते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ ला पाच तास, ९५ ला सव्वा तास, तोही अख्ख्या आठवड्याचा मिळून. नवा ॲम्प आला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, कारण स्वच्छ आवाज मोठा असला तरी बोचत नाही. १६ ओहमचा, मिलिवॅटला ११२ डेसिबलचा इअरफोन १ व्होल्टला १३० डेसिबलला पोचतो, आणि टेबलावरचा ॲम्प त्याहून कितीतरी जास्त देऊ शकतो. म्हणून जॅक घालण्याआधी बटण शून्यावर, गाणं सुरू केल्यावर कानाला, आणि मग हळूहळू वर. घरात लहान मुलं असतील तर ऐकून झाल्यावर बटण शून्यावर आणूनच उठायचं.

वरच्या मजल्यावर २ व्होल्टचा डोंगल आला. पहिल्या दिवशी तिने मला फोनवर विचारलं, "काका, पट्टी साठावर ठेवली तरी चालेल ना?" मी म्हटलं, पंखा बंद कर, मग पन्नासही पुरेल. त्यानंतर ती अर्धा तास काही बोलली नाही. मग मेसेज आला, की एका मैफलीत गायक बोलायला थांबतात तेव्हा मागे कुणीतरी तानपुऱ्याची जवारी हळूच सारखी करतंय, ते ऐकू येतंय.